दाखला कोणी द्यायचा?

मुलगी लग्नाची नोंद करायला जाते. टेबलापलीकडचे रब्बी तिचं नाव विचारतात, आईचं विचारतात. मग आईच्या आईचं, मग तिच्याही आईचं. यांच्यापैकी कोणी धर्मांतर करून आलेली होती का? घराण्यात कोणाची फारकत झाली होती का, आणि झाली असल्यास ती यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे झाली होती का? मुलीचं आडनाव पेणकर, रोहेकर, नाहीतर दिवेकर. आजी कोकणातल्या गावी वारली. पणजीचं नाव घरात कोणाला धड आठवत नाही. मागे रांगेत पोलंडहून किंवा मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबातली मुलगी उभी आहे. तिला इतकं खोदून कोणी विचारणार नाही.

फेब्रुवारी १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने लग्नं नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना पाठवल्या, त्यांचा व्यवहारातला अर्थ हा असा होता. सूचना सरसकट सगळ्या ज्यूंसाठी नव्हत्या. नाव घेऊन एकाच समाजाला लावलेल्या होत्या: बेने इस्राएल. म्हणजे पेण-पनवेल-अलिबागच्या पट्ट्यातले, घरात मराठी बोलणारे, एकेकाळी गावोगाव घाणा चालवणारे आपले शनवार तेली.

ज्यू कोणाला म्हणायचं, या प्रश्नाने विसाव्या शतकात जगभरच्या ज्यूंचा पिच्छा पुरवला. राज्य मिळालं, संसद आली, न्यायालयं आली, तरी तो सुटला नाही. उलट जास्त टोकदार झाला. बेने इस्राएलांची गोष्ट या वादात महत्त्वाची आहे, कारण त्यांना हा प्रश्न एकदाच विचारला गेला नाही. पाहुण्या धर्मशिक्षकाने विचारला, मिशनऱ्यांनी विचारला, श्रीमंत धर्मबांधवांनी विचारला, स्वतःच्या राष्ट्राने विचारला आणि अलीकडे प्रयोगशाळेनेही विचारला. दर वेळी पुरावा मागणारा वेगळा आणि पुराव्याची कसोटीही वेगळी. आणि ज्यांना तो सतत द्यावा लागला, त्यांनीही आपल्यातल्याच काहींकडे तो मागितला होता.

मासा आणि शनिवार

अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे. तिथल्या जुन्या दफनभूमीत समाजाने स्मारक उभारलं आहे. परंपरा अशी, की या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि वाहून आलेली प्रेतं इथे पुरली. हे केव्हा घडलं यावर एकमत नाही. कोणी दोन हजार वर्षं मागे जातात, कोणी बरंच अलीकडे थांबतात. समुद्रातून आलेली चौदा माणसं म्हटल्यावर मराठी वाचकाला चित्पावनांची परशुरामकथा आठवेल. अभ्यासकांनाही ती आठवली आहे. कोणी कोणाची कथा घेतली, हा वाद मात्र मिटण्यातला नाही.

कथेपेक्षा आचार ठाम होता. मंडळी गावोगाव पांगली आणि गावांचीच आडनावं लावू लागली: केहिमकर, अष्टमकर, झिराडकर, तळकर, चेऊलकर. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. मुलाची सुंता आठव्या दिवशी. खवले आणि पर असलेलाच मासा चुलीवर चढायचा. हिब्रू ग्रंथ नव्हते, तालमूदचा पत्ता नव्हता, हनुक्का हा सण ठाऊक नव्हता. 'शेमा इस्राएल' ही एक प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली होती. बारसं असो, लग्न असो, मयत असो, तीच म्हणायची.

सणांची नावं तर अस्सल कोकणी घरातली. वर्षाचा आरंभ म्हणजे नव्याचा सण. जगभरचे ज्यू ज्या दिवशी कडक उपास करतात तो योम किप्पूर म्हणजे दार फळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं आणि बाहेरच्या कोणाला शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा शोक म्हणजे बिरडीचा रोजा, कारण त्या उपासाला वालाचं बिरडं. जेरुसलेम कोणी पाहिलं नव्हतं. पण ते पडल्याचं दुःख वालाच्या रूपाने दरवर्षी पानात येत होतं.

या अवस्थेत त्यांना दाविद रहाबी नावाचा परदेशी ज्यू भेटला, असं परंपरा सांगते. त्याच्या काळाबद्दलही वाद आहेत. त्याने परीक्षा घेतली ती स्वयंपाकघरात. बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. त्यांनी खवले-पर असलेले तेवढे वेचून घेतले, बाकीचे बाजूला सारले. रहाबीची खात्री पटली. त्याने तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून तयार केलं आणि गावोगावचे विधी, तंटे त्यांच्याकडे सोपवले. या माणसांना काजी म्हणत.

वंशावळ न विचारता, बाई चुलीपाशी काय करते हे पाहून दिलेला हा दाखला. पुढच्या एकाही परीक्षकाला एवढ्याने समाधान वाटलं नाही.

मुंबईची मशीद आणि मराठी हगादा

अठराव्या शतकात मंडळी मुंबईला येऊ लागली. कंपनीच्या पलटणीत भरती होऊ लागली. त्यांच्यातले सामाजी हसाजी दिवेकर, इंग्रजी दप्तरातले सॅम्युएल इझिकेल, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले. कैद्यांना जात विचारली तेव्हा त्यांनी 'बनी इस्राएल' सांगितलं. हे नाव कुराणात आदराने आलेलं आहे म्हणून टिपूच्या आईने रदबदली केली आणि जीव वाचला, अशी समाजातली आठवण. आठवण खरी असेल तर हा आणखी एक दाखला, तोही मुसलमान दरबाराचा. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ मध्ये मांडवी भागात मुंबईतलं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं: शाआर हाराहामीम, दयेचं दार. समाज त्याला मशीद म्हणे, पुढे जुनी मशीद. मस्जिद स्टेशनचं नाव या मशिदीवरून पडलं, असं बेने इस्राएल अभिमानाने सांगतात. जवळच्या सॅम्युएल स्ट्रीटवर आज मालाच्या गाड्या आणि हमालांची गर्दी असते. रस्त्याचं नाव मात्र टिकून आहे.

एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत बेने इस्राएलांची मुलं-मुली मोठ्या संख्येने बसू लागली. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. हा लुप्त झालेल्या इस्राएली वंशांचा अवशेष असावा, अशी त्या काळच्या मिशनऱ्यांची समजूत होती, आणि अशा लोकांना ख्रिस्ताकडे वळवण्यात त्यांना विशेष पुण्य दिसत होतं. झालं उलटंच. मंडळी शाळेत गेली, मराठी बायबल वाचलं, हिब्रू शिकली आणि जास्त पक्की ज्यू झाली. धर्मांतरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी विधी शिकवले, मिशनने वाचता येणं शिकवलं. दोन्हींचा उपयोग समाजाने आपल्या कामासाठी केला.

त्यातून मराठी यहुदी वाङ्मय उभं राहिलं. पेसाखच्या रात्री वाचायची हगादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ ची पुण्याची शिळाप्रेसवरची हगादा जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे ती तिच्या चित्रांमुळे. बेखमीर भाकरी करण्याच्या चित्रात पीठ मळणाऱ्या, लाटणाऱ्या, भाजणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. इजिप्तमधून सुटकेची कथा वाचताना पुण्याच्या ज्यू मुलीला पुस्तकात आपलीच आई दिसे. १८८० पासून कीर्तनं सुरू झाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, पूर्वरंग-उत्तररंगासह, साकी-दिंडी-ओवीत. मंडळींच्या कानाला नारदीय कीर्तनाची सवय होती, म्हणून बायबल त्या चालीत आलं. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाची शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. केहिमकरांनी समाजाचा पहिला मोठा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापला गेला त्यांच्या मागे, १९३७ मध्ये, तेल अवीवला.

गोरे, काळे आणि बगदादी

केहिमकरांच्या इतिहासात एक अवघड प्रकरण आहे. समाजात दोन भाग होते: गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल. कातडीच्या रंगाशी याचा संबंध नव्हता. दोन्ही बाजूंनी बेने इस्राएल ते गोरे. बाप बेने इस्राएल आणि आई दुसऱ्या जातीची, तर संतती काळी. या दोघांत रोटीबेटी व्यवहार नव्हता. काळ्यांनी गोऱ्यांच्या भांड्यांना शिवायचं नाही, मशिदीत मागे बसायचं. हा सगळा व्यवहार कोकणातल्या कोणत्या समाजाकडून शिकला, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायची गरज नाही.

१८३० च्या दशकात डेव्हिड ससून आणि त्यांच्या मागोमाग बगदादी ज्यू मुंबईत स्थिरावले. अफू, कापूस, गिरण्या, गोदी यांवर त्यांनी अफाट पैसा मिळवला आणि तो दानातही ओतला: भायखळ्याचं मागेन डेव्हिड, फोर्टातलं केनेसेथ एलियाहू, पुण्याचं लाल देऊळ. सुरुवातीला ते बेने इस्राएलांच्या मशिदीतच प्रार्थनेला जात. पण १८३६ मध्येच त्यांनी सरकारकडे अर्ज केला, की दफनभूमीत आमच्या आणि बेने इस्राएलांच्या मध्ये भिंत घाला. पुढे बगदादी सिनेगॉगांत बेने इस्राएलांना तोरा हा धर्मग्रंथ वाचायला बोलावणं टळू लागलं. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिनयान म्हणतात. त्या दहांत बेने इस्राएल धरायचा की नाही, यावर कुरबुरी झाल्या. लग्नसंबंधांचा तर प्रश्नच नव्हता. कारण धर्माचं सांगितलं जाई: हे विधवांची लग्नं लावत नाहीत, यांना फारकतीचे नियम माहीत नाहीत, यांचं रक्त मिसळलेलं आहे. या धर्मकारणाच्या आड राज्यकर्त्यांकडे लागलेली नजरही होती. बगदाद्यांना युरोपियनांत गणना हवी होती, आणि साडी नेसणारे, मराठी बोलणारे धर्मबांधव त्या अर्जात अडचणीचे ठरत.

रंगूनमध्ये हे भांडण थेट न्यायालयात गेलं. तिथल्या सिनेगॉगच्या कारभारात बेने इस्राएलांना मताचा हक्क आहे का, यावर १९३० च्या दशकात रंगून हायकोर्टापुढे खटला चालला आणि निकाल बेने इस्राएलांच्या बाजूने लागला. यहुदी असण्याचा दाखला इंग्रज न्यायमूर्तीने दिला!

गोऱ्यांनी काळ्यांना जे केलं तेच बगदाद्यांनी बेने इस्राएलांना केलं, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यातून एक बदलही झाला. बाहेरून सगळ्यांनाच काळं ठरवलं गेलं तेव्हा आतली गोरे-काळे ही भिंत टिकवणं कठीण होत गेलं. विसाव्या शतकात ती हळूहळू पडली.

परिषद, लीग आणि स्त्री मंडळ

१८९७ मध्ये बाझेलला पहिलं झायोनिस्ट अधिवेशन भरलं. मुंबईच्या बेने इस्राएलांनाही बोलावणं होतं. त्यांनी नाही म्हटलं. सियोनला परतणं ईश्वराच्या हातून व्हायचं, माणसांच्या ठरावांनी नव्हे, ही त्यांची धारणा. शिवाय परतायची घाई कोणाला होती? पोस्ट, रेल्वे, बांधकाम खातं, पलटण, इस्पितळं यांत समाजाचा जम बसला होता, आणि शेजाऱ्यांनी ज्यू म्हणून कधी त्रास दिला नव्हता. युरोपातल्या ज्यूंना ज्या भीतीने घराबाहेर काढलं, ती भीती कोकणात माहीतच नव्हती.

राजकारण आलं ते पहिल्या महायुद्धाच्या शेवटी. १९१७ मध्ये बेने इस्राएल परिषद भरली. पाठोपाठ ऑल इंडिया इस्राएलाइट लीग निघाली. समाज मूठभर, संघटना दोन. हे मराठी माणसाला नवलाचं वाटू नये. वाद खरा होता. शिक्षण आणि समाजसुधारणा एवढंच पाहायचं, की देशाच्या राजकारणातही उतरायचं? लीगमागे एरुलकर बंधू होते. डेव्हिड एरुलकर हे १९१६ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांपैकी एक. डॉ. अब्राहाम एरुलकर गांधीजींच्या उपोषणकाळात त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या डॉक्टरांपैकी. दुसरीकडे सरकारी नोकरीवर पोट असणारा मोठा वर्ग इंग्रजांशी वाकडं घ्यायला तयार नव्हता. वरळीत ज्यांच्या नावाचा रस्ता आहे ते डॉ. ई. मोझेस राजपूरकर १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले.

नोव्हेंबर १९३८ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मध्ये ज्यूंवर लेख लिहिला. जर्मनीतल्या छळाबद्दल कळकळ, पण पॅलेस्टाईन अरबांचं, ही त्यांची भूमिका. जगभरचे ज्यू विचारवंत दुखावले, काहींनी जाहीर उत्तरं लिहिली. बेने इस्राएलांतल्या राष्ट्रवाद्यांची कुचंबणा वेगळी होती: नेता आपला, धर्मबांधवही आपले.

धर्माची घडी त्याच काळात बायकांनी बदलली. १९०५ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन पुढे समाजाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि जवळजवळ तीन दशकं त्यांनी ती चालवली. डॉ. जेरुशा झिराड लंडनला स्त्रीरोगशास्त्र शिकून आल्या, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या; १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. समाजातल्या बायकांसाठी त्यांनी १९१३ मध्ये स्त्री मंडळ काढलं. लंडनला क्लॉड माँटेफिओरे यांचा उदारमतवादी यहुदी विचार त्यांनी जवळून पाहिला होता. १९२५ मध्ये तो विचार त्यांनी ज्युइश रिलिजस युनियनच्या रूपाने मुंबईत रुजवला. कट्टर आणि उदार यांच्यातली जी फूट अमेरिका-युरोपात गाजत होती, ती भायखळ्याच्या परिसरातही पोचली. फरक एवढाच, की मुंबईत तिचं नेतृत्व एका बाईकडे होतं.

बीरशेबा ते जेरुसलेम

१९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते, त्यांत बहुसंख्य बेने इस्राएल. इस्रायल झाल्यावर ओघ सुरू झाला. कारणं मिसळलेली होती. काहींना प्रार्थनेत रोज उच्चारलेल्या भूमीची ओढ, काहींना ज्यू एजन्सीच्या प्रतिनिधींची आश्वासनं, काहींना इंग्रज गेल्यावर रेल्वेतल्या नोकऱ्यांचं काय होणार ही धास्ती. सरकारने त्यांना वाळवंटाच्या कडेला पाठवलं: बीरशेबा, दिमोना, येरुहाम. कारकून आणि फोरमन असलेल्या माणसांच्या हाती फावडं आलं. रंगावरून हिणवल्याच्या तक्रारी आल्या. १९५१ मध्ये दीडशेच्या आसपास लोकांनी तेल अवीवला ज्यू एजन्सीच्या दारात ठिय्या दिला, की आम्हाला परत मुंबईला पाठवा. १९५२ मध्ये त्यांना विमानाने परत आणलं गेलं. त्यांतले बरेचसे पुढे पुन्हा इस्रायलला गेले. त्या काळच्या घराघरातली ओढाताण या उलटसुलट प्रवासात दिसते.

नोकरी-घराच्या तक्रारी काळाबरोबर बोथट झाल्या असत्या. लग्नाचा प्रश्न मात्र वर्मी लागला. इस्रायलमध्ये नागरी विवाह नाही. ऑटोमन काळापासून प्रत्येक धर्माची लग्नं त्या-त्या धर्मपीठाकडे, आणि १९५३ च्या कायद्याने ज्यूंची लग्नं व घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांच्या ताब्यात. बेन गुरियन यांनी राज्य स्थापण्याआधीच धार्मिक पक्षांना तसं वचन दिलं होतं, आणि पुढे प्रत्येक आघाडी सरकारला त्या पक्षांची गरज लागत राहिली. त्यामुळे रब्बीने नाही म्हटलं की दुसरं दार नाही.

काही रब्बी नाही म्हणू लागले. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निसीम यांच्या परिषदेने निर्णय दिला, की बेने इस्राएलांशी लग्न निषिद्ध नाही. चार महिन्यांत सूचना आल्या त्या सुरुवातीला सांगितल्या तशा. शंका अशी: या लोकांना शास्त्रशुद्ध घटस्फोटाचे नियम माहीत नव्हते. एखाद्या बाईची फारकत तशी न होता तिने दुसरं लग्न केलं असेल, तर तिची मुलं मामझेर ठरतात, आणि मामझेराला इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही. हा डाग पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातो.

यातली विसंगती आपल्याकडच्या वाचकाला पटकन कळेल. कोकणातल्या उच्चवर्णीयांच्या वळणाने बेने इस्राएलांतही फारकत जवळजवळ नव्हती आणि विधवा पुन्हा लग्न करत नव्हत्या. बगदाद्यांनी हाच चालीरीतींचा दोष काढला होता. पण घटस्फोटच नाही तर अशास्त्रीय घटस्फोट कुठून येणार? ज्या हिंदू वळणामुळे त्यांचा यहुदीपणा संशयित ठरला, तेच वळण मामझेरपणाच्या आरोपाला सगळ्यात चोख उत्तर होतं.

समाज रस्त्यावर आला. निदर्शनं झाली, उपोषणं झाली, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये मंडळी ठाण मांडून बसली. सत्याग्रह पाहतच त्यांतले कित्येक मोठे झाले होते. दारात बसून राहिलं की सरकारला शेवटी बोलावं लागतं, हे त्यांना नव्याने शिकावं लागलं नाही. १७ ऑगस्ट १९६४ रोजी सुट्टीवर गेलेल्या क्नेसेटची, म्हणजे इस्रायलच्या संसदेची, खास बैठक भरली. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केलं, की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, वैयक्तिक कायद्याच्या बाबतीतही. रब्बींनी समाजाचा हा कलंक दूर करावा, असं संसदेने बजावलं. महिनाअखेर सूचना दुरुस्त झाली. 'बेने इस्राएल' हे शब्द गेले. त्या जागी 'ज्याच्या वंशाबद्दल शंका असेल असा कोणीही' आलं. नाव पुसलं, प्रश्नावली तशीच राहिली. १९९७ मध्ये पेताह तिक्वाच्या रब्बींनी बेने इस्राएलाचं लग्न लावायला पुन्हा खळखळ केली, तेव्हा हे सगळं नव्याने आठवावं लागलं.

लढा जिंकला तो धर्मशास्त्राच्या जोरावर नव्हे, मतांच्या आणि लाजेच्या जोरावर, हे मान्य केलं पाहिजे. ज्यू राज्यात ज्यूंना रंगावरून वेगळं काढतात, ही बातमी जगभर जाणं एश्कोल सरकारला परवडणारं नव्हतं.

मलिद्याचं ताट

रामले, दिमोना, अश्दोद, लोद इथल्या बेने इस्राएल घरांत आज तिसरी-चौथी पिढी हिब्रू बोलते, लष्करात जाते, मराठी तोडकीमोडकी समजते. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथे निघतं. भारतीय वंशाच्या ज्यूंची तिथली संख्या सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात सांगितली जाते. या सगळ्यांना बांधून ठेवणारी गोष्ट शोधायची तर ती एका ताटात सापडते.

मलिदा. भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर नाहीतर गूळ, वेलची, बदाम-मनुका. सभोवती केळी, सफरचंद, खजूर अशी पाच फळं. गुलाबाची फुलं, कधी सब्जाची पानं. एलियाहू हन्नाबीला, म्हणजे संदेष्ट्या एलियाला, बोललेला नवस फेडायचा: लग्न ठरलं, मूल झालं, परीक्षा पास झाली, नवं घर घेतलं, आजारी माणूस उठलं. मंडळी ताटाभोवती जमतात, एलियाहूचं गाणं हिब्रूत म्हणतात, मग झाडाच्या फळाला एक आशीर्वाद, जमिनीतल्या पिकाला दुसरा, सुगंधाला तिसरा. आशीर्वाद सगळे शास्त्रातले. ताट मात्र कोकणातलं. अलिबागजवळच्या खंडाळे गावी कातळावर खुणा आहेत. एलियाहू अग्निरथातून इथूनच वर गेला, घोड्याच्या टापा उमटल्या, अशी श्रद्धा. बायबलातला एलिया यार्देन नदीकाठाहून गेला. बेने इस्राएलांना त्यात अडचण वाटत नाही. इस्रायलहून आलेले नातेवाईकही खंडाळ्याला जाऊन नवस फेडतात.

घरच्या इतर गोष्टीही अशाच. शब्बाथच्या संध्याकाळी द्राक्षांची दारू मिळत नसे, म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून त्यात नारळाचं दूध. धर्माचा नियम पाळायला कोकणाने पर्याय पुरवला.

इकडे महाराष्ट्रात मात्र मशिदी आहेत, माणसं कमी. अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ, रेवदंड्याचं बेथ एल, पेणचं बेथ हाएलोहीम इथे रोजच्या प्रार्थनेला दहा पुरुष जमणं कठीण. सणावारी मुंबई-ठाण्याहून मंडळी येतात तेव्हा दिवे लागतात. भारतातले ज्यू आता पाच हजारांच्या आत आहेत. त्यांतले बरेच मुंबई-ठाणे परिसरात. ठाण्याचं १८७९ चं शाआर हाशामाईम हे सध्याचं गजबजलेलं केंद्र. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउसवर हल्ला झाला, रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांच्यासह सहा जण मारले गेले. त्यानंतर मशिदींच्या दारांत पोलीस बसले. ज्यू म्हणून भीती बाळगायची असते, हे मुंबईच्या बेने इस्राएलांना या हल्ल्याने शिकवलं.

आता प्रश्न कोणाकडे?

२०१६ मध्ये दोन दाखले आले. जूनमध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याच वर्षी एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला: बेने इस्राएलांच्या वंशात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वाटा स्पष्ट दिसतो, भारतीय वाटाही तितकाच स्पष्ट. समाजात आनंद झाला. पण त्या आनंदात एक धोका आहे. पूर्वज खरे यहुदी होते हे रक्ताने सिद्ध झालं म्हणून आम्ही ज्यू, असं म्हटलं की ज्यांच्या रक्तात ते सापडणार नाही त्यांचं काय? शिवाय भारतीय वाटा आला कुठून, याचं उत्तर एकेकाळी काळे इस्राएल म्हणून मागे बसवलेल्यांकडे बोट दाखवतं. बहुधा सगळेच कधी ना कधी काळे इस्राएल होते.

इस्रायलमध्येही हा घोळ मिटलेला नाही. नागरिकत्वाविषयीच्या कायद्यात १९७० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर आजोबा-आजींपैकी एक ज्यू असला तरी नागरिकत्व मिळतं, पण लग्न लावायला रब्बींना आईच ज्यू लागते. सोव्हिएत संघातून आलेले लाखो लोक त्यामुळे नागरिक आहेत, सैनिक आहेत आणि स्वतःच्या देशात लग्न करू शकत नाहीत. बरेच जण सायप्रसला जाऊन नागरी विवाह करून येतात. २०२१ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने उदारमतवादी पंथांनी इस्रायलमध्ये केलेली धर्मांतरं नागरिकत्वासाठी ग्राह्य धरली. रब्बींनी ती लग्नासाठी धरली नाहीत. मणिपूर-मिझोरामच्या बनेई मनाशेंना २००५ मध्ये मुख्य रब्बी श्लोमो अमार यांनी इस्राएलचे वंशज म्हणून मान्यता दिली, पण रीतसर धर्मांतराच्या अटीवर.

आणि मुंबईत? इथे विचारणारा बाहेरून येण्याची गरज उरलेली नाही. समाज लहान झाला की लग्नं बाहेर होतात. ठाण्यातल्या मुलाने मराठी हिंदू मुलीशी लग्न केलं, मुलं शनिवारी आजोबांचा हात धरून मशिदीत येतात, मलिद्याला बसतात, मनुकांचं सरबत पितात. हलाखा, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र, म्हणतं की आई ज्यू नाही तर ती मुलंही ज्यू नाहीत. त्यांच्यासाठी धर्मांतराचा विधी सोपा करायचा, उदार पंथाचा मार्ग धरायचा, की नियमावर बोट ठेवायचं, हे आता प्रार्थना चालवणारे हजान, विश्वस्त आणि घरातली वडीलधारी माणसं ठरवणार आहेत. नियम ढिले केले तर इस्रायलमधल्या रब्बींना शंका घ्यायला नवं निमित्त मिळेल, ही त्यांची भीती खोटी नाही. पण बेने इस्राएलांकडे एक अनुभव आहे, जो जेरुसलेमच्या परिषदेकडे नव्हता: पणजीचं नाव आठवलं नाही म्हणून आपण काय होतो, हे त्यांना कोणी तरी बाहेरच्याने येऊन सांगितलेलं आहे. तो अनुभव निर्णयात किती उतरतो, यावर पुढच्या पन्नास वर्षांत ठाण्याच्या मशिदीत शनिवारी दहा माणसं जमतील की नाही, हे ठरेल.